गोळा कोणाकडे आहे?

रेखाबाई गेडाम आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आल्या त्या तक्रार घेऊन. चंद्रपुरातले आमचे जिल्हा कार्यालय तेव्हा एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होते. आदल्या दिवशी आम्ही एक छोटी बातमी दिली होती. एका वसतिगृहाच्या प्रवेशयादीतून तीन मुलींची नावे गळाली होती, आणि कारण म्हणून बातमीत 'संगणकाच्या चुकीमुळे' असे छापले होते. बातमी माझी होती. रेखाबाईंनी कात्रण टेबलावर ठेवले. त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"हे कोणाच्या, भाऊ?"

"काय कोणाच्या?"

"चुकीमुळे लिवलं ना तुम्ही. कोणाच्या चुकीमुळे?"

"संगणकाच्या."

"हा संगणक कोणत्या गावचा? आडनाव काय त्याचं?"

शेजारच्या टेबलावरचा जाहिरात प्रतिनिधी हसला. रेखाबाई हसल्या नाहीत. वसतिगृहाच्या अधिकाऱ्याने तसे सांगितले, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी खुर्ची ओढली. "मग अधिकारी असं म्हणते, असं लिवा. मी बावीस वर्षं झाली कॉम्प्युटरवर काम करून राह्यली. आजपर्यंत एक चूक कॉम्प्युटरनं केलेली मी पाह्यली नाई. कोणी तरी सांगतलं, तेच त्यानं केलं."

त्या बातमीचा खुलासा छापला गेला नाही, कारण आमच्या नियमाप्रमाणे तो छापण्याजोगा नव्हता. पण तो शब्दप्रयोग त्या कार्यालयातून पुन्हा गेला नाही. कोणी बंदी घातली नव्हती. रेखाबाई सकाळी अंक वाचतात, एवढे सर्वांना कळले होते.

तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, चष्मा गळ्यातल्या दोरीला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, आणि चार्जरची वायर धानाच्या पोत्याच्या सुतळीने बांधलेली. चंद्रपुरात त्या संगणकाचे वर्ग चालवत आणि दोन-तीन कार्यालयांचे प्रोग्रॅम लिहून देत. त्या तक्रारीनंतर आमच्या कार्यालयाच्या यंत्रांची देखभालही त्यांच्याकडे आली. पुढे त्या गडचिरोलीत आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेत लागल्या. वडील नागभीड जंक्शनवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी, होते. या माहितीपेक्षा जास्त चरित्र त्या सांगत नसत, आणि विचारले तर म्हणत, "बायोडाटा मागून राह्यले का?"

प्रोग्रॅमिंगच्या भाषांविषयी मात्र त्या न विचारता बोलत. चहा येईपर्यंत, यंत्र सुरू होईपर्यंत, कूलरमध्ये पाणी भरताना. मला त्यातले फारसे कळत नसे. पत्रकाराच्या सवयीने काही वाक्ये मी टिपून ठेवली, ती अशी. सी ही भाषा म्हणजे विळा. धान कापते तसंच बोट कापते, आणि विळ्यावर रागावून उपयोग नाही. जावामध्ये साधा नमस्कार छापायचा म्हटला तरी आधी सागवान आलापल्लीच्या जंगल नाक्यावरून काढायला लागतात तितके पास तयार ठेवावे लागतात. पण एकदा गाडी नाक्याबाहेर पडली की रस्त्यात कोणी अडवत नाही. जावास्क्रिप्ट कशालाही नाही म्हणत नाही, आणि जो पाहुणा कशालाच नाही म्हणत नाही, त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

पायथॉन त्यांना आवडे. त्या भाषेत ओळ किती आत सरकवून लिहिली यावर अर्थ ठरतो, हे त्यांनी मला कागदावर आखून दाखवले होते. "धानाच्या बांधीसारखं, वावराच्या तुकड्यासारखं आहे, भाऊ. ही मोकळी जागा म्हणजे बांध. बांध बोटभर सरकला की पाणी दुसऱ्याच्या बांधीत. भांडण तिथूनच सुरू होते." सर्वांत जास्त माया त्यांची एसक्यूएलवर, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायच्या भाषेवर. तिच्यात काय हवे ते सांगायचे असते. कसे आणायचे ते यंत्र बघते. "सासूची भाषा," असे त्या म्हणत. लग्न त्यांनी केले नव्हते.

लिहिण्यासाठी त्यांचे साधन अगदी साधे असे. पांढऱ्यावर काळी अक्षरे, मोठा आकार, कडेला काही नाही. संस्थेत त्यांच्या हाताखाली प्रशांत नावाचा नागपूरचा अभियंता होता. त्याच्या पडद्यावर सात रंग आणि चार खिडक्या असत. "बाई, तुमचा पडदा पाहून मले डायलिसिसचा वॉर्ड आठवते," असे तो एकदा म्हणाला. रेखाबाई म्हणाल्या, "तुह्या पडद्यावर वरात निघून राह्यली. नवरदेव कोणता ते सांग."

पण नव्या साधनांच्या त्या विरोधात होत्या, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. चार शब्द सांगितले की अख्खा प्रोग्रॅम लिहून देणारे एआय मदतनीस आले, तेव्हा ते वापरायला सुरुवात प्रशांतच्याही आधी रेखाबाईंनी केली. त्यांचे मत त्यांनी एका दुपारी सांगितले. "हुशार आहे. माह्यापेक्षा जलद लिवते. पण ज्याले माहीत नाई तो माणूस थांबते, डोकं खाजवते. हा थांबत नाई. माहीत असलेलं अन् नसलेलं एकाच आवाजात सांगते." मग थोडे थांबून, "म्हून त्यानं लिवलेल्याच्या वरती मी माहं नाव टाकतो."

हे अक्षरशः खरे होते. प्रोग्रॅममध्ये यंत्र वाचत नाही अशा ओळी लिहिता येतात. त्या फक्त पुढच्या माणसासाठी असतात. रेखाबाई त्या मराठीत लिहीत, आणि प्रत्येक तुकड्याच्या वर तो कोणाचा आहे, ते असे.

आता गोळ्याविषयी.

नागभीडहून जाणारी जुनी छोटी रेल्वे एकेरी रुळाची होती. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाला स्टेशनातून एक गोळा दिला जाई. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या रुळावर जायची नाही, आणि पुढच्या स्टेशनात तो जमा झाल्याशिवाय दुसरी गाडी सुटायची नाही. रेखाबाईंचे बालपण या गोळ्याची ने-आण पाहण्यात गेले. संस्थेत रुजू झाल्यावर त्यांनी आलापल्लीच्या एका सुताराकडून सागाचा गोळा कातून घेतला, मोसंबीएवढा. नियम एकच. चालू प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ज्यावर गावोगावच्या कामाची नोंद होत असते त्यात, बदल करायचा असेल तर गोळा तुमच्या टेबलावर असला पाहिजे. काम झाले की परत मधल्या कपाटावर. कार्यालयात दिवसातून पाच वेळा तोच प्रश्न ऐकू येई: "गोळा कोणाकडे आहे?"

"बाई, यासाठी सॉफ्टवेअर असते," प्रशांत म्हणाला.

"मालूम आहे. तेही लावलं आहे. पण ते खिशात जड लागत नाई."

एकदा तो प्रशांतच्याच खिशात राहिला आणि प्रशांत मेव्हण्याच्या लग्नाला मूल या गावी गेला. इकडे एक बदल करायचा होता, दहा मिनिटांचा. संस्थेच्या संचालकांनी सांगितले, फोन लावा, तो हो म्हणेल, करून टाका. रेखाबाई म्हणाल्या, "हो तर म्हणनच. माह्या बाबालेही फोनवर कोणी हो म्हणू शकत होतं. गाडी तर समोरून आलीच असती ना?" त्या एसटीने मूलला गेल्या. मांडवात जेवल्या, आहेर दिला, नवरदेवाच्या भाऊजीच्या खिशातून गोळा घेतला आणि चारच्या गाडीने परत आल्या. प्रशांतला सासरकडचे लोक त्यानंतर 'गोळेवाले जावई' म्हणू लागले. तो ती गोष्ट स्वतःच सांगत असे.

संस्थेसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांपैकी एक पावसाळ्याच्या यादीचा होता. भामरागडकडे नद्या चढल्या की रस्ते तुटतात आणि गावे आपापल्या ठिकाणी बंद होतात. म्हणून ज्या बायांचे दिवस पावसाळ्यात भरणार, त्यांना आधीच दवाखान्याजवळच्या एका घरात आणून ठेवायचे, अशी पद्धत संस्थेने पाडली होती. गाडी एक, रस्ते वाईट, आणि मृगाआधीचे थोडे दिवस. त्यामुळे कोणाला आधी आणायचे, याला महत्त्व होते. पूर्वी हा क्रम एक अनुभवी परिचारिका हाताने लावत असे. ती निवृत्त झाली आणि क्रम लावण्याचे काम प्रोग्रॅमकडे आले.

नियम रेखाबाईंनी ठरवला: दवाखान्यापासून जे गाव लांब, तिथली बाई आधी. रस्त्याने अंतर काढण्याच्या दहा-बारा ओळी नव्या मदतनिसाने लिहून दिल्या. रेखाबाईंनी त्या वाचल्या आणि पाच गावांची अंतरे नकाशावर स्वतः मोजून पाहिली. बरोबर होती. गोळा त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी प्रोग्रॅम चालू केला.

कोसमगुडा या गावाचे अंतर आले सहा किलोमीटर. तेही बरोबर होते. मे महिन्यातले.

कोसमगुडा आणि दवाखाना यांच्या मध्ये एक नाला आहे. त्यावर रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा ठेंगणा पूल. उन्हाळ्यात रपट्यावर गुरे बसतात. पहिल्या दोन जोरदार पावसांत तो बुडतो आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा दिसतो. गावात सोनी नावाची पहिलटकरीण होती. यादीत तिचे नाव शेवटून दुसरे आले.

कोसमगुड्याच्या आशा कार्यकर्त्या जैवंताबाई यांनी यादी पाहून रेखाबाईंना फोन केला. "बाई, आमची सोनी इतकी खाली काऊन आहे?"

रेखाबाई तेव्हा दुसऱ्या कामात होत्या. त्या म्हणाल्या, "ते कॉम्प्युटरनं लावलं आहे, बाई. तुमचं गाव जवळ आहे."

जैवंताबाईंनी बरं म्हटले आणि फोन ठेवला.

पाऊस त्या वर्षी गाडीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांआधी आला. रपटा बुडाला. तिसऱ्या दिवशी सकाळी सोनीला कळा सुरू झाल्या. गावातल्या आठ माणसांनी खाट उलटी करून तिची डोली केली आणि नाल्यापर्यंत आणली. पाणी ओसरण्याची वाट पाहत ती काठावर, ताडपत्रीखाली, सहा तास होती. दुपारी खालच्या अंगाने एक डोंगा मिळाला. पोखरलेल्या खोडाच्या त्या नावेत सोनी, जैवंताबाई आणि दोन वल्हेकरी बसले. संध्याकाळच्या आत त्या दवाखान्यात पोहोचल्या. मुलगी झाली. दोघी वाचल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीलाच वाचवता आले असते, असे डॉक्टरांनी सांगितले.

आठवड्याने रस्ता उघडला, तेव्हा मी पुराच्या बातमीसाठी भामरागडला गेलो होतो. रेखाबाई आणि प्रशांत आदल्या गाडीने आले होते. वॉर्डात सोनी खाटेवर बसली होती, जैवंताबाई मूल घेऊन खिडकीपाशी. रेखाबाईंनी जोहार केला आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. त्यांना सहा संगणकभाषा येत होत्या. त्या खोलीत लागणारी माडिया भाषा येत नव्हती. त्यामुळे त्या जे बोलत ते जैवंताबाई सोनीला सांगत.

"यादी मी केली होती."

जैवंताबाईंनी ते सोनीला सांगितले नाही. त्या रेखाबाईंकडे पाहत राहिल्या. "तुम्ही तर म्हणल्या, कॉम्प्युटरनं लावली."

"म्हणली. खोटं बोलली."

प्रशांतला राहवले नाही. "बाई, ते अंतराचं तर टूलनं लिवलं होतं. तुम्ही कुठी..."

"अंतर त्यानं काढलं, प्रशांत. अंतरानं लाव, हे कोणी सांगतलं?"

जैवंताबाईंनी मूल दुसऱ्या खांद्यावर घेतले. त्यांचा आवाज चढला नाही. "नाला तर लहान पोराले बी मालूम आहे, बाई. नकाशाले मालूम नसन. मले तरी विचारायचं." मग त्यांनी सोनीला माडियात काहीतरी सांगितले, बराच वेळ. सोनीने रेखाबाईंकडे एकदा पाहिले आणि दोन शब्द बोलली.

"काय म्हणाली?" रेखाबाईंनी विचारले.

"म्हणते, बसा."

रेखाबाई खाटेच्या कडेवर बसल्या.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिवणारच. तर नाव टाकून लिवा. यादी करणाऱ्या रेखा गेडाम यांनी नाला हिशेबात धरला नाई." मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात सोनीच्या प्रवासाची बातमी आली. यादीबद्दल तिच्यात एकच ओळ होती: 'यादीतील त्रुटीमुळे तिला वेळेत आणता आले नाही.'

सकाळी सातला फोन आला. "नाव काऊन काढलं?"

"डेस्कवरून गेलं," मी म्हणालो.

"डेस्क कोणत्या गावचा?"

नाव डेस्कने काढले नव्हते. बातमी पाठवण्याआधी मीच ते खोडले होते, त्यांच्या भल्यासाठी असे मला त्या वेळी वाटले होते. तसे मी सांगितले. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बातमीत वरती लिवायला जागा नसते. माह्या प्रोग्रॅमात आहे." प्रशांतने पुढे मला ती ओळ दाखवली. अंतर काढणाऱ्या तुकड्याच्या डोक्यावर ती आजही आहे, असे तो सांगतो: 'लांबचं आधी, हा नियम माझा. नाला पाहिला नाही. जैवंताबाईंनी विचारलं होतं, ऐकलं नाही. रेखा गेडाम.'

पुढच्या मे महिन्यापासून यादीच्या कामात दोन बदल झाले. पहिला, प्रत्येक गावापुढे एक नवा रकाना आला: मध्ये पाणी आहे का, आणि केव्हापासून. हा रकाना नकाशावरून भरता येईल, उपग्रहाची छायाचित्रे मिळतात, असे प्रशांतने सुचवले होते. रेखाबाईंनी ते मान्य केले, तरी तो रकाना गावात विचारूनच भरायचा, असे ठरवले. दुसरा बदल गोळ्याचा. यादी तयार झाली की गोळा गडचिरोलीच्या कपाटावर राहत नसे. तो एसटीने भामरागडला जाई. आशा कार्यकर्त्यांनी यादी वाचून गोळा परत दिल्याशिवाय ती बंद, म्हणजे पक्की, करता येत नसे. संचालकांनी विचारले, यात तीन दिवस जातील त्याचे काय. रेखाबाई म्हणाल्या, "सहा तास काठावर गेले, त्याचं काय?"

माझी बदली ठरली त्या वर्षीच्या मे अखेरीस मी भामरागडला एका कामासाठी गेलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून दवाखान्याकडे वळलो. आवारातल्या मोहाच्या सावलीत सतरंजी पसरली होती. दहा-अकरा आशा कार्यकर्त्या बसल्या होत्या. मध्ये छापलेली यादी, तिच्यावर वारा लागू नये म्हणून एक दगड. रेखाबाई थोड्या बाजूला, झाडाच्या बुंध्याला टेकून. लॅपटॉप मिटलेला होता. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी मला हाताने बसा म्हटले.

गोळा जैवंताबाईंच्या मांडीवर होता. त्या यादीवरून बोट फिरवत होत्या. एका नावापाशी बोट थांबले. त्यांनी शेजारणीला माडियात काही विचारले. तिने पलीकडचीला विचारले. चर्चा सुरू झाली. कोणी हाताने पाण्याची उंची दाखवली, गुडघ्यापर्यंत. दुसरीने मान हलवून कंबर दाखवली.

रेखाबाईंचा फोन वाजला. पलीकडे प्रशांत होता. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"बाई, यादी बंद करू का? उद्या सकाळी गाडी निघून राह्यली. ड्रायव्हर विचारून राह्यला."

"गोळा माह्याकडे नाई."

"मग कोणाकडे आहे?"

"जैवंताबाईकडे."

"त्या काय करून राह्यल्या?"

रेखाबाईंनी सतरंजीकडे पाहिले. "इचार करून राह्यल्या," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

एसटीचा हॉर्न वाजला. मी उठलो. फाटकापाशी वळून पाहिले, तेव्हा चर्चा त्याच नावावर होती. रेखाबाई दोन्ही हात रिकामे मांडीवर ठेवून बसल्या होत्या, स्टेशनात गाडी उभी असताना बसतात तशा.